ब्लॅकलाइट: साइटच्या पोटातले ट्रॅकर दाखवणारं मोफत साधन, आणि त्याचा निकाल कसा वाचायचा

एखाद्या साइटवर मोबाइल नंबर, आजाराचं नाव किंवा मुलाची जन्मतारीख भरण्याआधी ही माहिती तिथून आणखी कुणाकुणाकडे जाते हे बघायचं असेल, तर सर्वसामान्य माणसाला वापरता येईल असं सगळ्यात चांगलं साधन आज ब्लॅकलाइट हेच आहे. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, काही डाउनलोड करावं लागत नाही. पहिल्या तपासणीसाठी आमची शिफारस बिनशर्त आहे. मात्र ब्लॅकलाइटला काही न सापडणं आणि साइट स्वच्छ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात न घेता निकाल वाचला तर उलट फसगत होते. म्हणून या परीक्षणात निकाल वाचण्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

ब्लॅकलाइट तयार केलं अमेरिकेतल्या द मार्कअप या ना-नफा शोधपत्रकारिता संस्थेनं. सूर्या मट्टू या पत्रकार-अभियंत्यानं ते बांधलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. २०२४ मध्ये द मार्कअप कॅलिफोर्नियातल्या कॅलमॅटर्स या वृत्तसंस्थेत विलीन झाली. साधनाचा कोड खुला आहे, त्यामुळे तपासणी नेमकी कशी होते हे कुणालाही वाचून पडताळता येतं. अशा साधनावर विश्वास ठेवायचा तर ही किमान अट असायला हवी. ह्यूमन राइट्स वॉचनं २०२२ साली ४९ देशांतल्या ऑनलाइन शिक्षणाच्या साइट्स तपासल्या, तेव्हा हेच साधन वापरलं होतं.

वापरणं अगदी सोपं. द मार्कअपच्या साइटवर ब्लॅकलाइटचं पान उघडा, चौकटीत तपासायच्या साइटचा पत्ता टाका, बटण दाबा आणि थोडं थांबा. तुमच्या मागे, त्यांच्या सर्व्हरवर, एक खराखुरा क्रोमियम ब्राउझर पडद्याशिवाय सुरू होतो. तो त्या पत्त्यावर जातो, पान खाली सरकवतो, मग त्याच साइटचं आणखी एक पान आपल्या मर्जीनं निवडून तेही उघडतो. या दरम्यान ब्राउझर कुठेकुठे संपर्क साधतो, कुठल्या कुकी (तुम्हाला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदी) ठेवल्या जातात, पानातली कुठली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, काय करते, याची नोंद होते. आतलं पान दर वेळी वेगळं निवडलं जातं आणि जाहिरातींचे लिलावही दर वेळी वेगळे लागतात, त्यामुळे एकाच साइटचे दोन निकाल जुळले नाहीत तर गोंधळू नका. दोनदा चालवा आणि मोठा आकडा धरा.

एक सूचना सुरुवातीलाच. फक्त मुखपृष्ठाचा पत्ता टाकून थांबू नका. ज्या पानावर तुम्ही माहिती भरणार आहात त्या पानाचा पूर्ण पत्ता टाका: अपॉइंटमेंटचा फॉर्म, प्रवेश अर्ज, कर्जाची चौकशी. अनेक साइट्स ट्रॅकर फक्त अशाच पानांवर लावतात, कारण जाहिरातदाराला त्यातच रस असतो.

निकालात काय दिसतं

पहिल्या दोन ओळींत जाहिरातींचे ट्रॅकर किती आणि थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे त्या साइटच्या नव्हे तर बाहेरच्या कंपन्यांच्या कुकी, किती हे आकडे येतात. ट्रॅकर ओळखण्यासाठी डकडकगोची ट्रॅकर रडार ही यादी वापरली जाते. तुलनेसाठी द मार्कअपनं केलेली पाहणी कामाची आहे. २०२० मध्ये त्यांनी ८०,००० हून जास्त लोकप्रिय साइट्स तपासल्या, त्यात ट्रॅकरचा मध्यक ७ आणि थर्ड-पार्टी कुकींचा ३ निघाला. ७४ टक्के साइट्सवर गूगलचं काही ना काही ट्रॅकिंग होतं, ३३ टक्क्यांवर फेसबुकचं. ट्रॅकर किंवा थर्ड-पार्टी कुकी यांतलं काहीच नाही अशा साइट्स फक्त १३ टक्के.

पण आकड्यांवर फार अडकू नका. बातम्यांच्या साइट्सवर ट्रॅकर सगळ्यात जास्त असतात, हे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्येच दहा लाख साइट्स तपासून दाखवलं होतं. मराठी बातम्यांची कुठलीही मोठी साइट टाकून बघा, कंपन्यांची लांबलचक यादी समोर येईल. तरी बातमी वाचताना लागलेले तीस ट्रॅकर आणि रक्ततपासणी बुक करताना लागलेला एकच ट्रॅकर यांत दुसरा जास्त गंभीर आहे. किती आहेत यापेक्षा कुठल्या पानावर आहेत हे आधी बघा.

खऱ्या अर्थानं मोलाच्या आहेत त्या पुढच्या तपासण्या.

कॅनव्हास फिंगरप्रिंटिंगमध्ये साइट तुमच्या ब्राउझरला न दिसणारं एक चित्र काढायला लावते आणि लगेच त्याचे पिक्सेल वाचून घेते. ग्राफिक्स चिप, ड्रायव्हर, फॉन्ट, ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातल्या बारीक फरकांमुळे हे चित्र यंत्रागणिक किंचित वेगळं येतं, आणि त्यावरून तुमचं यंत्र ओळखता येतं. कुकी पुसल्या तरी ही ओळख पुसली जात नाही. पाहणीत ६ टक्के साइट्सवर हे आढळलं. बँका आणि पेमेंटच्या साइट्स फसवणूक पकडण्यासाठीही हेच तंत्र वापरतात, म्हणून बँकेच्या साइटवर ही खूण दिसली तर लगेच घाबरू नका. पाककृतीच्या साइटवर दिसली तर मात्र त्याला कुठलंही सबळ कारण नाही.

सेशन रेकॉर्डर म्हणजे माउस कुठे फिरला, कुठे थांबला, काय क्लिक केलं, किती खाली सरकवलं, हे सगळं टिपून नंतर चित्रफितीसारखं बघता येईल असं साठवणारी सेवा. पासवर्डचे रकाने बहुतेक रेकॉर्डर आपणहून झाकतात. पण पत्ता, आजाराचं वर्णन, 'आणखी काही सांगायचं असल्यास' असे मोकळे रकाने झाकायची जबाबदारी साइट बनवणाऱ्यावर असते आणि तिथेच ढिलाई होते. रेकॉर्डर कुठला हे ब्लॅकलाइट स्क्रिप्टच्या पत्त्यावरून ओळखतं. रेकॉर्डर तिथे आहे एवढं त्यावरून कळतं, त्या क्षणी रेकॉर्डिंग चालू होतं की नाही हे कळत नाही.

कीस्ट्रोकची, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांची, तपासणी हा या साधनाचा सगळ्यात हुशार भाग. ब्लॅकलाइटचा ब्राउझर फॉर्ममधल्या रकान्यांत खोटं नाव, खोटा ईमेल वगैरे टाइप करतो, पण 'सबमिट' दाबत नाही. मग बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशात तो मजकूर शोधतो: जसाच्या तसा, बेस-६४ मध्ये गुंडाळलेला, किंवा एमडी-५, शा-२५६, शा-५१२ या सूत्रांनी हॅश केलेला, म्हणजे अगम्य अक्षरांच्या मालिकेत बदललेला. बटण न दाबताच तो मजकूर दुसऱ्या कंपनीकडे गेला असेल तर इथे पकडला जातो. द मार्कअपच्या पाहणीत ४ टक्के साइट्स असं करताना सापडल्या. या ओळीपुढे होकार दिसला तर आमचा सल्ला एकच: त्या साइटवर फॉर्म भरू नका, फोन करून काम करा.

'हॅश केलंय, म्हणजे सुरक्षित' हे उत्तर कंपन्या हमखास देतात. ते भारतीय मोबाइल नंबराच्या बाबतीत अजिबात टिकत नाही. आपले नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होणारे, म्हणजे एकूण शक्यता फार तर ४०० कोटी. इतके सगळे शा-२५६ हॅश काढून जुळवणं हे एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही सेकंदांचं काम आहे. शिवाय समोरच्या कंपनीकडे तुमचा नंबर आधीच असेल तर तिला हे कष्टही नकोत. आपल्याकडच्या नंबरांचे हॅश काढायचे आणि आलेल्या हॅशशी जुळवायचे. हॅश पाठवतात तो त्यासाठीच.

शेवटी फेसबुक पिक्सेल (साइटवर लावलेला फेसबुकचा ट्रॅकिंग कोड) आणि गूगल ॲनालिटिक्सचं 'रीमार्केटिंग' यांच्या ओळी येतात. दुसरी ओळ डबलक्लिक या गूगलच्याच जाहिरात सेवेकडे जाणाऱ्या संदेशावरून ठरते. ती असेल तर साइट नुसते वाचक मोजत नाही, तुम्हाला इतरत्र जाहिरात दाखवता यावी म्हणून खूण करून ठेवते आहे. पिक्सेलचं मात्र जवळून बघायला हवं.

पिक्सेल स्वतःच्या डोळ्यांनी बघा

संगणकावर क्रोममध्ये नवीन प्रोफाइल उघडा, त्यात एकही एक्स्टेंशन नको. गुप्त विंडो वापरू नका, कारण तिथे क्रोम थर्ड-पार्टी कुकी आपणहून अडवतो आणि चित्र खोटं दिसतं. एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' टॅब निवडा, 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा. हे सगळं पान उघडण्याआधी करायचं, कारण हे पॅनल बंद असताना गेलेल्या संदेशांची नोंदच होत नाही. आता पान उघडा आणि फिल्टरच्या चौकटीत फेसबुक डॉट कॉम स्लॅश टीआर असं इंग्रजीत टाइप करा.

ओळ आली तर तिच्यावर क्लिक करून 'पेलोड' उघडा. 'आयडी' म्हणजे साइटच्या पिक्सेलचा क्रमांक. 'ईव्ही' म्हणजे घटना, बहुतेकदा 'पेजव्ह्यू'. 'आरएल' म्हणजे तुम्ही कुठून आलात. आणि 'डीएल' म्हणजे तुम्ही आत्ता जे पान बघताय त्याचा पूर्ण पत्ता. पानाच्या पत्त्यातच वंध्यत्व, मधुमेह किंवा कर्जमाफी असे शब्द असतील तर ते जसेच्या तसे फेसबुकच्या मालक कंपनीकडे, मेटाकडे, पोचलेले दिसतील. मग पानावरचं एखादं बटण दाबा. पिक्सेलची आपोआप घटना टिपण्याची सोय चालू असेल तर आणखी एक ओळ येते, आणि तिच्यात दाबलेल्या बटणावरची अक्षरंसुद्धा असतात. 'अपॉइंटमेंट घ्या' हे शब्द आणि डॉक्टरांच्या पानाचा पत्ता एकत्र गेले की उरलं काय?

अमेरिकेत द मार्कअपनं जून २०२२ मध्ये हेच उघड केलं. तिथल्या नामांकित १०० हॉस्पिटलांपैकी ३३ हॉस्पिटलांच्या साइट्सवर अपॉइंटमेंट घेताना पिक्सेल अशी माहिती पाठवत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कर-विवरणपत्र भरून देणाऱ्या मोठ्या साइट्सही यात सापडल्या. आपल्याकडे हॉस्पिटलं, लॅब, कोचिंग क्लास सगळेच फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिराती देतात. जाहिरातीतून किती लोक आले हे मोजायला पिक्सेल लावला जातो. तो लावणारी मार्केटिंग एजन्सी साइटच्या प्रत्येक पानावर लावून मोकळी होते, आणि डॉक्टरांना अनेकदा त्याची कल्पनाही नसते.

ब्लॅकलाइट कुठे कमी पडतं

त्याचा ब्राउझर 'कुकी स्वीकारा' हे बटण दाबत नाही. परवानगी मिळाल्यावरच ट्रॅकर सुरू करणाऱ्या साइटचा निकाल त्यामुळे स्वच्छ दिसतो, तुम्ही बटण दाबलंत की सगळे जागे होतात. तो लॉगिन करू शकत नाही, म्हणजे खात्याच्या आतली पानं तपासणीबाहेर राहतात. कॅप्चा असेल किंवा साइट यंत्रांना अडवत असेल तर तपासणी अर्धवट पडते. आपल्या बऱ्याच सरकारी साइट्स परदेशी आयपी पत्त्यांना उघडतच नाहीत, तिथे निकालाऐवजी त्रुटीचा संदेश येतो. अशा वेळी ब्लॅकलाइट-कलेक्टर हा त्याचा मूळ कोड स्वतःच्या संगणकावर चालवता येतो. नोड जेएस लागतं, एनपीएमवरून पॅकेज बसतं, आणि तपासणीनंतर निकालाची जेसॉन फाइल, नेटवर्कची एचएआर फाइल आणि स्क्रीनशॉट मिळतात. थोडंफार प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला जमेल असं काम आहे.

याहून मोठ्या दोन पळवाटा आहेत. पहिली म्हणजे सर्व्हरवरून होणारं ट्रॅकिंग. मेटाच्या कन्व्हर्जन्स एपीआयसारख्या सोयींत साइटचा सर्व्हरच तुमची माहिती थेट पुढे पाठवतो. ब्राउझरमधून काहीच जात नाही, म्हणून ते कुठल्याही साधनाला बाहेरून दिसू शकत नाही. दुसरी सीनेम क्लोकिंग: ट्रॅकरच्या सर्व्हरला साइटचंच एक सबडोमेन दिलं जातं, मग तो पाहुणा घरचाच वाटतो. याशिवाय ॲनालिटिक्स आणि पिक्सेल आपली ओळख हल्ली साइटच्या स्वतःच्या कुकीत ठेवतात, त्या थर्ड-पार्टीच्या आकड्यात धरल्या जात नाहीत. 'कुकी शून्य' हा निकाल म्हणूनच सगळ्यात फसवा.

ही उणीव थोडीफार भरून काढणारं साधन म्हणजे स्वीडनमधल्या डेटास्कीड संस्थेचं वेबकोल. ते साइटच्या स्वतःच्या कुकीही मोजतं, बाहेर गेलेली प्रत्येक विनंती दाखवतं, एचटीटीपीएस आणि रेफरर पॉलिसीसारख्या सर्व्हरच्या सेटिंगवर बोट ठेवतं. मांडणी रुक्ष आहे, पण साइट चालवणाऱ्यांना ब्लॅकलाइटपेक्षा जास्त उपयोगी. आपलाच ब्राउझर किती ओळखू येतो हे बघायला इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनचं कव्हर युअर ट्रॅक्स आहे. मोबाइल ॲपचं मात्र यांपैकी कशालाच कळत नाही. त्यासाठी फ्रान्सच्या एक्झोडस प्रायव्हसीवर अँड्रॉइड ॲपचं नाव शोधा, आत कुठले ट्रॅकर कोंबलेत आणि कुठल्या परवानग्या मागितल्यात ते दिसतं. तिथे ॲपचा कोड न चालवता तपासला जातो. त्यामुळे ट्रॅकर आत आहे एवढंच सिद्ध होतं, तो चालतोय की नाही हे नाही.

तपासलं, पुढे काय

फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे ट्रॅकर अडवणारं एक्स्टेंशन, ही जोडी आजही सगळ्यात भक्कम. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही ते एक्स्टेंशन चालतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फायरफॉक्समध्ये ते सीनेमची पळवाटही उघडी पाडतं, जे क्रोममध्ये त्याला कधीच जमलं नाही. क्रोमच्या नव्या आवृत्त्यांत तर मूळ यूब्लॉक ओरिजिन चालतच नाही, त्याची लाइट आवृत्ती घ्यावी लागते. एक्स्टेंशनच्या भानगडीत पडायचं नसेल तर ब्रेव्ह ब्राउझर वापरा, त्यात अडवण्याची सोय आधीपासून चालू असते. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनसाठी हा पर्याय सगळ्यात बरा.

अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढच्या फोनवर सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा आणि होस्टनेमच्या जागी डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम असं इंग्रजीत लिहा. यानं ॲपमधलेही बरेच ट्रॅकर अडतात. अडचणी दोन येतात. हॉटेल किंवा विमानतळाच्या वायफायचं लॉगिन पान उघडत नाही. आणि एसएमएसमध्ये आलेल्या काही ऑफरच्या लिंक मध्येच अडकतात, कारण त्या ट्रॅकरच्या पत्त्यावरून वळवलेल्या असतात. तेवढ्यापुरतं सेटिंग 'ऑटोमॅटिक'वर न्या आणि काम झालं की परत लावा. यूट्यूबच्या जाहिराती यानं थांबत नाहीत, त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात.

अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली 'ॲड्स'मध्ये जाऊन जाहिरातीचा आयडी डिलीट करा. आयफोनवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'ट्रॅकिंग', आणि ॲपना विचारण्याची परवानगी बंद. व्हीपीएन घेऊन ट्रॅकर थांबतील या समजुतीत पैसे घालवू नका. व्हीपीएन फक्त आयपी पत्ता लपवतो, कुकी, पिक्सेल आणि फिंगरप्रिंट आपलं काम करतच राहतात.

मुलांच्या बाबतीत कायद्याचा आधार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलांचं ट्रॅकिंग, त्यांच्या वागण्यावर पाळत आणि त्यांना उद्देशून जाहिराती यांना बंदी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती सूट आहे, पण प्रवेश अर्जाच्या पानावर जाहिरातीचा पिक्सेल हे शैक्षणिक काम आहे असं कुणी म्हणू शकेल असं आम्हाला वाटत नाही. शाळेच्या साइटवर तो दिसला तर ब्लॅकलाइटच्या निकालाचा स्क्रीनशॉट, तारीख आणि पानाचा पत्ता जोडून मुख्याध्यापकांना लेखी कळवा. 'साइट सुरक्षित आहे का?' असं मोघम विचारू नका. 'अमुक पानावर फेसबुक पिक्सेल आहे, तो काढा' असं नेमकं लिहा. साइट सांभाळणाऱ्याला ते पाच मिनिटांत करता येतं.

स्वतःची साइट असेल तर तीही ब्लॅकलाइटमध्ये टाका. वर्डप्रेसवर बहुतेक ट्रॅकर मालकानं मुद्दाम लावलेले नसतात, ते शेअर बटणांच्या प्लगइनमधून, यूट्यूबच्या चौकटीतून किंवा पूर्वीच्या एजन्सीनं लावून विसरलेल्या टॅग मॅनेजरमधून येतात. यूट्यूबच्या चौकटीसाठी यूट्यूब-नोकुकी डॉट कॉम हा पत्ता वापरा. देवनागरी फॉन्ट गूगलवरून न मागवता स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा; म्युनिकच्या न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये वाचकाचा आयपी पत्ता असा गूगलकडे गेल्याबद्दल एका साइटला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. शेअर बटणांच्या जागी साध्या लिंक चालतात. आणि प्लगइन काढल्यावर कॅश रिकामी करूनच परत तपासा, नाहीतर कॅशमधलं जुनं पान समोर येतं आणि काढलेला ट्रॅकर निकालात तसाच दिसत राहतो.